मॅग्नेशियमची गोळी आणि धमनीतलं कॅल्शियम

पाठ दुखते म्हणून काढलेल्या एक्स-रेच्या रिपोर्टात मणक्यांबद्दल चार ओळी होत्या. शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखी, पाचवी ओळ होती: पोटातल्या महाधमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचल्याच्या खुणा. पाठ व्यायामाने आटोक्यात आली. त्या पाचव्या ओळीचं प्रकरण मात्र लांबलं, आणि त्या काळात मॅग्नेशियमशी माझी जेवढी ओळख झाली तेवढी शाळेत रसायनशास्त्र घोकतानाही झाली नव्हती.

किडनीचा आजार मला जुना. रक्तदाबातून आलेला, हळूहळू सरकणारा. तेव्हा ईजीएफआर (किडनी मिनिटाला किती रक्त गाळते त्याचा अंदाज) ३६ होता, म्हणजे तिसऱ्या टप्प्याचा उतरता भाग, ज्याला ३ब म्हणतात. क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, लघवीतली प्रथिनं, हे आकडे मला तोंडपाठ. धमन्यांचा विषय आजवर कुणी काढला नव्हता, मीही नाही.

माझ्या नेफ्रॉलॉजिस्टना ती ओळ वाचून काहीच नवल वाटलं नाही, याचं मला नवल वाटलं. त्या म्हणाल्या, "किडनीच्या पेशंटमध्ये हे दिसतंच. वयाच्या मानाने लवकर दिसतं, आणि जास्त दिसतं." मग त्यांनी कागदावर धमनीचा आडवा छेद काढला. कॅल्शियम दोन ठिकाणी साचतं. एक आतल्या अस्तराखाली, कोलेस्टेरॉलच्या थरासोबत. हे कुणालाही होऊ शकतं. दुसरं मधल्या, स्नायूच्या थरात. हा दुसरा प्रकार जर्मन डॉक्टर म्योंकेबर्ग यांनी १९०३ मध्ये नोंदवला, आणि मधुमेह व किडनीच्या आजारात तो विशेष आढळतो. मला वाटायचं, रक्तातलं जास्तीचं कॅल्शियम भिंतीवर जाऊन चिकटत असेल, विषय संपला. तसं ते नसतं. फॉस्फेटचा मारा वाढला की त्या थरातल्या स्नायूपेशी आपलं मूळ काम सोडून हाडं घडवणाऱ्या पेशींसारख्या वागायला लागतात. धमनीच्या भिंतीत अक्षरशः हाडाची तयारी सुरू होते. भिंत ताठ झाली की वरचं बीपी चढतं, खालचं उतरतं, आणि प्रत्येक ठोक्याला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. माझं बीपी गेली काही वर्षं नेमकं असंच वागत होतं.

"पण माझं फॉस्फरस तर नॉर्मल आहे," मी म्हणाले. रिपोर्टात फॉस्फेट याच नावाने येतं.

"नॉर्मल ठेवलं जातंय," त्या म्हणाल्या. किडनी अशक्त झाली की शरीर हार्मोन वाढवून उरल्यासुरल्या किडनीकडून फॉस्फरस बाहेर काढून घेतं. त्यामुळे रिपोर्टात आकडा बराच काळ सरळ दिसतो आणि आत ओढाताण चालू असते.

हृदयाच्या डॉक्टरांनी कॅल्शियम स्कोअरचा सीटी स्कॅन सांगितला. स्कॅन म्हटल्यावर मी आधी हेच विचारलं की शिरेतून डाय देणार का, कारण किडनीच्या पेशंटला डायची धास्ती असतेच. या तपासणीत डाय लागत नाही. छातीला ईसीजीचे तीन स्टिकर, थोडा वेळ श्वास रोखायचा, झालं. स्कोअर काढायची पद्धत अमेरिकेतल्या आर्थर अ‍ॅगॅटस्टन यांच्या गटाने १९९० मध्ये मांडली, तीच आजही वापरतात. हृदयाच्या धमन्यांमध्ये ठरावीक घनतेपेक्षा जास्त पांढरा दिसणारा भाग मोजायचा, तो किती दाट आहे त्याप्रमाणे त्याला वजन द्यायचं आणि बेरीज करायची. शून्य म्हणजे काही नाही, शंभरपर्यंत थोडं, चारशेच्या वर भरपूर. माझी बेरीज चारशेच्या थोडी पुढे गेली होती. हे कॅल्शियम अस्तराखालचं की स्नायूच्या थरातलं, हे मात्र या तपासणीला ओळखता येत नाही. आकडा एकच येतो, आणि रोग दोन असू शकतात.

इथे माझी भाची कथेत येते. ती फार्मसी शिकते, आणि तिला मी आयतंच गिऱ्हाईक मिळाले. तिने संध्याकाळी फोन केला. "मावशी, मॅग्नेशियमचं काही ऐकलंयस का? ते कॅल्शियम साचू देत नाही म्हणे." पुढचे बरेच दिवस ती मला शोधनिबंध वाचून दाखवत होती आणि मी मध्येच थांबवून "म्हणजे काय?" विचारत होते. तिला वाटत होतं ती मला शिकवते आहे. मला वाटत होतं तिची परीक्षेची तयारी होते आहे. दोन्ही खरंच होतं.

वाचावं तसं प्रकरण आकर्षक होत जायचं. काचपात्रात वाढवलेल्या धमनीच्या स्नायूपेशींना भरपूर फॉस्फेट दिलं की त्या कॅल्शियम साठवू लागतात. सोबत मॅग्नेशियम दिलं की ते कमी होतं. कारणंही पटण्यासारखी. कॅल्शियम आणि फॉस्फेटचे बारीक कण एकत्र येऊन टणक स्फटिक बनतात, त्या बनण्यात मॅग्नेशियम खो घालतं. शिवाय पेशीच्या आत शिरून ते तिला हाडाच्या वाटेला लागू देत नाही. मग उंदीर. किडनी निकामी केलेल्या उंदरांच्या आहारात मॅग्नेशियम वाढवलं तर धमन्यांमधलं कॅल्शियम रोखलं गेलं, इतकंच नाही तर आधी साचलेलं कमीही झालं, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात आहे. त्यानंतर माणसं, पण आधी फक्त त्यांचं रक्त. टी-५० नावाची एक चाचणी आहे. रक्ताच्या नमुन्यात मुद्दाम कॅल्शियम-फॉस्फेट घालून ते मऊ कणांमधून टणक कणांमध्ये बदलायला किती वेळ लागतो ते मोजतात. वेळ जितका जास्त, तितकं रक्त कॅल्शियम साचण्याला विरोध करतं. किडनीच्या रुग्णांना तोंडाने मॅग्नेशियम दिल्यावर हा वेळ वाढला, आणि डायलिसिसच्या द्रावणात मॅग्नेशियम वाढवल्यावरही वाढला.

डायलिसिसच्या रुग्णांचा जपानमधला एक मोठा अभ्यासही तिने शोधला. लाखाहून अधिक रुग्ण. ज्यांचं मॅग्नेशियम कमी, त्यांच्यात मृत्यू जास्त. भाची उत्साहात होती. मी तिला तोच आलेख उजवीकडेही वाचायला लावला, कारण मॅग्नेशियम फार वाढलेल्या टोकालाही रेघ परत वर जात होती. शिवाय ज्याचं जेवण कमी, तब्येत खालावलेली, त्याचं मॅग्नेशियमही कमी असणार. मग माणूस मॅग्नेशियम कमी म्हणून दगावला, की खंगला होता म्हणून दोन्ही झालं? हे अशा अभ्यासातून सुटत नाही.

एवढं सगळं वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की माझं स्वतःचं मॅग्नेशियम किती आहे ते मला माहीतच नाही. फाईल उघडली. जाडजूड फाईल, इतक्या वर्षांचे रिपोर्ट, आणि मॅग्नेशियमची एकही नोंद नाही. नेहमीच्या किडनीच्या तपासण्यांच्या यादीत ते बहुतेक नसतंच. वेगळं लिहून द्यावं लागतं.

पुढच्या भेटीत मी "मॅग्नेशियम घेऊ का?" असं न विचारता "मॅग्नेशियम मोजूया का?" असं विचारलं. डॉक्टरांनी लगेच लिहून दिलं, पण म्हणाल्या, "नॉर्मल किंवा थोडं जास्तच येईल. किडनी कमी काम करते तेव्हा मॅग्नेशियम साठतं."

आलं १.४ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). लॅबच्या मापाने खालची मर्यादा १.७.

तिथून गोळीचा विषय बाजूला पडला आणि शोधाशोध सुरू झाली: किडनी अर्ध्यापेक्षा कमी चालत असताना मॅग्नेशियम कमी कसं? संशयित दोन. एक, बीपीसाठी चालू असलेली लघवीची गोळी. या वर्गातल्या गोळ्या मॅग्नेशियम लघवीतून घालवतात. दुसरा संशयित माझ्या औषधांच्या यादीत सगळ्यात खाली, सगळ्यात निरुपद्रवी वाटणारा: सकाळी उपाशीपोटी घ्यायची अ‍ॅसिडिटीची गोळी. कधीतरी दुखण्याच्या गोळ्यांसोबत पोटाला संरक्षण म्हणून सुरू झाली, दुखण्याच्या गोळ्या बंद झाल्या आणि ही तशीच चालू राहिली. प्रत्येक नव्या चिठ्ठीवर जुन्या चिठ्ठीवरून उतरत गेली. ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल या कुळातली औषधं दीर्घकाळ घेतल्यास मॅग्नेशियम उतरू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०११ मध्येच दिला आहे. साधारण वर्षाच्या पुढे घेतली तर धोका वाढतो. ही औषधं आतड्यातून मॅग्नेशियम आत घेण्याची वाटच अरुंद करतात.

दोघांपैकी कोण, हे ठरवायला लघवीतलं मॅग्नेशियम तपासलं. मला ही तपासणी फार आवडली, कारण तिच्यामागचा तर्क सरळ आहे. रक्तात कमी आणि लघवीत भरपूर, तर गळती किडनीतून. रक्तात कमी आणि लघवीतही अगदी थोडं, तर किडनी मुठी आवळून बसली आहे आणि वरूनच पुरवठा होत नाही. माझ्यात दुसरा प्रकार निघाला. किडनी आजारी असताना एरवी मॅग्नेशियम लघवीतून जाण्याचं प्रमाण वाढलेलं असतं. ते इतकं कमी दिसतंय म्हणजे आतड्याचाच दोष, असं डॉक्टर म्हणाल्या. लघवीची गोळी सुटली, अ‍ॅसिडिटीची सापडली.

तरी अ‍ॅसिडिटीची गोळी एका दिवसात बंद करायची नव्हती. अशी गोळी अचानक सोडली की पोट सूड उगवतं, आधी नव्हतं एवढं अ‍ॅसिड तयार करतं, आणि माणूस पुन्हा गोळीकडे पळतो. ती टप्प्याटप्प्याने उतरवायची आणि तोवर मॅग्नेशियम भरून काढायला गोळी घ्यायची, असं ठरलं. म्हणजे ज्या गोळीसाठी भाची धडपडत होती ती मला मिळाली, पण वेगळ्याच कारणासाठी.

गोळीचं पाकीट वाचणं हा एक अभ्यासच आहे. माझ्या गोळीवर ४०० लिहिलं होतं, पण ते मॅग्नेशियम ऑक्साइडचं वजन. त्यात खरं मॅग्नेशियम साधारण २४० मिलिग्रॅम. सायट्रेट घेतलं तर त्याच वजनात खरं मॅग्नेशियम बरंच कमी असतं, पण ते शोषलं जातं जास्त. काही कंपन्या खऱ्या मॅग्नेशियमचा आकडा ठळक छापतात, काही संयुगाचा, आणि दोन डबे शेजारी ठेवून तुलना करणाऱ्याला यातलं काही कळत नाही. स्नायूंसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींमध्ये मॅग्नेशियमसोबत पोटॅशियमही असतं, ते बारीक अक्षरांत. किडनीच्या पेशंटला पोटॅशियमचं काय महत्त्व आहे हे त्या डब्यांना ठाऊक नसावं.

थायरॉईडची गोळी आणि मॅग्नेशियम यांच्यात चार तासांचं अंतर ठेवायला सांगितलं, नाहीतर थायरॉईडची गोळी मॅग्नेशियमला बांधली जाऊन तशीच बाहेर जाते. लोहाच्या गोळ्या आणि काही अँटिबायोटिकं यांचंही तसंच. माझा दिवस आधीच गोळ्यांच्या वेळापत्रकावर चालतो. त्यात आणखी एक गाडी घुसवायची म्हणजे बाकीच्या मागेपुढे कराव्या लागल्या. थायरॉईड पहाटे, मॅग्नेशियम जेवणानंतर दोनदा विभागून.

आणि पोट. शोधनिबंधांत ज्याला 'पचनसंस्थेचे दुष्परिणाम' म्हणतात, ते प्रत्यक्षात घराबाहेर पडायच्या आधी दोनदा विचार करणं असतं. मॅग्नेशियम ऑक्साइड हे मुळात पोट साफ करायचं औषध म्हणूनही दिलं जातं, हे लक्षात घेतलं तर तक्रारीला जागा नाही. पण मुद्दा निव्वळ गैरसोयीचा नव्हता. जुलाब झाले की शरीरातलं पाणी कमी होतं, पाणी कमी झालं की किडनीला फटका बसतो, आणि किडनी अचानक मंदावली की हेच मॅग्नेशियम बाहेर न पडता साठू लागतं. म्हणून डॉक्टरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं: उलट्या, जुलाब, ताप, खाणंपिणं बंद असं काही झालं तर मॅग्नेशियम त्या दिवसापुरतं थांबवायचं आणि फोन करायचा. मॅग्नेशियम फार वाढलं तर मळमळ, गळून जाणं, झोप झोप येणं, बीपी उतरणं, नाडी मंदावणं असं होत जातं, आणि पुढे श्वासापर्यंत जाऊ शकतं. निरोगी किडनीच्या माणसाला तोंडाने घेऊन तिथवर पोचणं अवघड. आमच्यासारख्यांना तितकं अवघड नाही. मॅग्नेशियमचं पातळ रेचक किंवा अँटासिड दुकानातून सहज आणून वर घेतलं तर आणखीनच सोपं.

गोळी चालू झाल्यावरचा पहिला रिपोर्ट १.६. पोटाची एवढी परवड होऊन दोन दशांश. अ‍ॅसिडिटीची गोळी अजून अर्धी चालू होती. ती पूर्ण सुटल्यावर काही आठवड्यांनी रक्त दिलं, ते प्रवासात असल्यामुळे दुसऱ्या लॅबमध्ये. रिपोर्ट आधी माझ्या भावाच्या मोबाईलवर गेला आणि त्याचा घाबराघुबरा फोन आला. "ताई, तुझं मॅग्नेशियम पॉइंट आठ दोन झालंय!" त्या लॅबने आकडा मिलिमोलमध्ये दिला होता. ०.८२ ला २.४३ ने गुणलं की आपल्या ओळखीच्या मापात जवळजवळ २.० येतं, म्हणजे झकास. भावाला गुणाकार समजावेपर्यंत त्याने दोन ओळखीच्या डॉक्टरांना फोन करून झाले होते. मॅग्नेशियमसाठी तीन वेगवेगळी मापं चालतात. रिपोर्ट हातात आला की आकड्याआधी त्याचं शेपूट वाचावं.

पिंढऱ्यांत गोळे यायचे ते याच सुमारास कमी झाले. मॅग्नेशियममुळे झाले असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पाठीसाठीचे व्यायामही तेव्हाच नियमित झाले होते.

आता खरा प्रश्न समोर आला. मॅग्नेशियम भरून निघालं, ते का उतरलं हेही सापडलं. मग गोळी थांबवायची, की धमन्यांसाठी म्हणून चालूच ठेवायची? भाचीचं मत चालू ठेवायचं. तिच्या बाजूने सगळ्यात भक्कम पुरावा जपानचा होता. तिथल्या एका गटाने तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातल्या किडनीच्या रुग्णांना मॅग्नेशियम ऑक्साइड देऊन दोन वर्षांनी कॅल्शियम स्कोअर किती वाढला ते पाहिलं. २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. रांगेत मधोमध येणाऱ्या रुग्णाच्या हिशोबाने मॅग्नेशियम न घेणाऱ्यांचा स्कोअर ३९.५ टक्के वाढला, घेणाऱ्यांचा ११.३ टक्के. इतका फरक दिसला की चाचणी मध्येच थांबवण्यात आली. माझाच टप्पा, माझंच औषध, माझीच तपासणी. ते आकडे वाचून मलाही त्या रात्री नीट झोप लागली नाही, हे खरं.

पण त्याच कामात दोन गोष्टी होत्या ज्यांवर भाची भरभर पुढे गेली होती. मॅग्नेशियम न घेणाऱ्यांपेक्षा घेणाऱ्यांपैकी जास्त लोक चाचणी सोडून गेले, मुख्यतः जुलाबांमुळे. ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि छातीतल्या महाधमनीतलं कॅल्शियम मॅग्नेशियमने रोखलं गेलं नाही, फक्त हृदयाच्या धमन्यांतलं. शिवाय कोण गोळी घेतंय हे सगळ्यांना माहीत होतं, खोटी गोळी कुणालाच दिलेली नव्हती. सव्वाशे रुग्णांवर थांबवलेली चाचणी, तीही चांगला निकाल दिसताच थांबवलेली. असं थांबवलं की फायदा असतो त्याहून मोठा दिसण्याचा संभव वाढतो. क्रिकेटमध्ये आपला फलंदाज तुफान खेळत असतानाच धावगती मोजून सामन्याचा निकाल लावावा, तसं काहीसं.

डॉक्टरांनी दुसरा कागद पुढे केला. डेन्मार्क आणि नॉर्वे इथली चाचणी, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली. ईजीएफआर १५ ते ४५ मधले १४८ रुग्ण. अर्ध्यांना मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड, अर्ध्यांना खोटी गोळी. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. एक वर्ष. मात्रा भरभक्कम: १५ मिलिमोल दिवसातून दोनदा, म्हणजे रोज जवळपास ७३० मिलिग्रॅम खरं मॅग्नेशियम, माझ्या एका गोळीच्या तिप्पट. रक्तातलं मॅग्नेशियम वाढलं. कॅल्शियम स्कोअरचं वाढणं काही मंदावलं नाही.

भाची गप्प झाली. मग म्हणाली, "एक वर्ष कमी पडलं असेल." असेलही. "रुग्ण वेगळे असतील, देश वेगळा, संयुग वेगळं." तेही असेल. मी डॉक्टरांना हे सगळं विचारलं आणि त्यांनी एकही शक्यता झटकून टाकली नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्या रक्तात कमी होतं, ते आपण भरून काढलं. त्यात वाद नाही. पण नॉर्मल असलेलं मॅग्नेशियम औषधाने वर चढवायचं, तेही उतरत्या किडनीत, तर मला त्याहून चांगलं कारण हवं. जपानमध्ये त्यांनी रक्तातली पातळी अडीच ते तीनच्या मध्ये ठेवायचं लक्ष्य ठरवलं होतं. तुम्ही आत्ता दोनवर आहात. तिथे नेऊन ठेवायचं आणि मग दर वेळी एखादा आजार आला की धास्ती घ्यायची, हे करायचंय का?"

मला नव्हतं करायचं. गोळी थांबवली. नंतरचा रिपोर्ट १.९ आला, नुसत्या जेवणावर. म्हणजे मॅग्नेशियमच्या गोळीने जे जमलं नव्हतं ते अ‍ॅसिडिटीची एक गोळी कमी केल्याने जमलं.

मग धमन्यांसाठी काहीच करायचं नाही का, हे मी जरा चिडूनच विचारलं. करण्यासारखं निघालं, फक्त त्याला नवेपणाची झळाळी नव्हती. हाडांसाठी म्हणून चालू असलेली कॅल्शियमची गोळी बंद केली. किडनीच्या आजारात फॉस्फेट कमी करायला दिल्या जाणाऱ्या कॅल्शियमयुक्त औषधांचा वापर मर्यादित ठेवावा, असं किडनीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये २०१७ पासून स्पष्ट आहे. तयार, डबाबंद पदार्थांमध्ये टिकाऊपणासाठी घातलेलं फॉस्फेट टाळायचं. ते नैसर्गिक अन्नातल्या फॉस्फरसपेक्षा कितीतरी जास्त शोषलं जातं आणि पाकिटावर त्याचं प्रमाण बहुधा लिहिलेलंच नसतं. बीपीचं लक्ष्य घट्ट केलं. आणि कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली. इथे भाचीने पुन्हा तोंड उघडलं. "मावशी, स्टॅटिनने कॅल्शियम स्कोअर वाढतो!" आणि ते बरोबर आहे. स्टॅटिनने अस्तराखालचे मऊ, फुटायला टपलेले थर घट्ट होतात, त्यात कॅल्शियम वाढतं, स्कोअर वर जातो, आणि हार्ट अ‍ॅटॅकचा धोका मात्र घटतो. किडनीच्या रुग्णांमध्ये कोलेस्टेरॉलची औषधं दिल्याने धमन्या तुंबून होणारे हृदयाचे आणि मेंदूचे मोठे आघात एकत्रित धरता कमी झाल्याचं नऊ हजारांहून अधिक रुग्णांच्या शार्प चाचणीत २०११ मध्येच दिसलं आहे.

हे कळल्यावर स्कोअरकडे बघण्याची माझी नजर बदलली. मी सीटी पुन्हा करायचा हट्ट धरला होता, वर्षभराने आकडा किती वाढला ते बघायला. डॉक्टरांनी विचारलं, "वाढला तर काय बदलणार? आणि नाही वाढला तर काय बंद करणार?" दोन्हीला माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्कॅन केला नाही. अधूनमधून तो आकडा आठवतो आणि हात शिवशिवतात, पण आकडा कमी करणं आणि धोका कमी करणं ही एकच गोष्ट नाही, हे मला इतकं महागात शिकावं लागलं नाही याचंच बरं वाटतं.

भाचीने विषय सोडलेला नाही. डायलिसिसच्या द्रावणात मॅग्नेशियम थोडं जास्त ठेवून रुग्णांना प्रत्यक्ष काय फरक पडतो, हे बघायला कॅनडात मोठी चाचणी हाती घेतल्याचं तिनेच मला सांगितलं. तिथे स्कोअर मोजण्याऐवजी रुग्णालयात दाखल व्हावं लागतं का, असल्या गोष्टी मोजतात, म्हणून ती मला जास्त विश्वासाची वाटते. मी अजून डायलिसिसवर नाही. त्यामुळे हे वाचणं निवांतपणे होतं.

मॅग्नेशियम आता दर तपासणीच्या यादीत आहे, मी स्वतः लिहायला लावते. मध्यंतरी किडनीसाठी ग्लिफ्लोझिन वर्गातलं नवं औषध सुरू झालं, आणि पुढच्या रिपोर्टात मॅग्नेशियम १.९ वरून २.१. भाचीने लगेच कागद शोधले: या औषधांनी मॅग्नेशियम थोडं वाढतं, नोंदवलेलं आहे. ती विजयी मुद्रेने मला ते दाखवत होती. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "वाढत असेल. पण दोन दशांश एवढं तर लॅब स्वतःच इकडेतिकडे करते."